थायरॉईडचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाण्याआधी

रिपोर्टचं पाकीट हातात पडलं की बरेच जण काउंटरवरच विचारतात, "नॉर्मल आहे ना?" आम्ही लॅबवाले याचं उत्तर देत नाही. ही टाळाटाळ नाही. आमच्या मशीनला तुमच्या रक्तातला हार्मोन मोजता येतो, पण तुम्ही सकाळची गोळी किती वाजता घेतली, मागच्या महिन्यात डोस बदलला का, दिवस राहिले आहेत का, हे त्याला कळत नाही. ही माहिती फक्त तुमच्याजवळ असते आणि ती मिळाल्याशिवाय डॉक्टरांनाही आकड्याचा नीट अर्थ लावता येत नाही. तपासणीच्या खोलीत तुमच्या वाट्याला थोडाच वेळ येतो. तो सत्कारणी लागावा म्हणून हे पत्रक.

रिपोर्टवरचे आकडे

टीएसएच हा हार्मोन थायरॉईडमध्ये तयार होत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो आणि गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला कामाला लावतो. गडी ढिला पडला की मालकाची हाक मोठी होते, तसंच इथे आहे: थायरॉईड कमी काम करू लागली की टीएसएच वाढतो आणि ती जास्त काम करू लागली की टीएसएच खाली जातो. त्यामुळे डॉक्टरांना नुसतं "थायरॉईड वाढलंय" असं सांगू नका. टीएसएचचा आकडा सांगा किंवा कागदच पुढे ठेवा.

टी३ आणि टी४ हे थायरॉईडचे स्वतःचे हार्मोन. नेहमीच्या प्रोफाईलमध्ये बहुतेक वेळा त्यांचं एकूण प्रमाण मोजतात. यातला बराचसा भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो, आणि गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ही प्रथिनं वाढतात. मग थायरॉईड ठणठणीत असूनही एकूण टी४ जास्त दिसतो. अशा वेळी फ्री टी४, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेला मोकळा टी४, जास्त उपयोगाचा. तुमच्या रिपोर्टवर यातलं कोणतं आहे ते नावावरून पाहून ठेवा.

आकड्याशेजारी छापलेली मर्यादाही वाचा. मोठ्या माणसांसाठी टीएसएचची मर्यादा साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असते, पण यंत्र आणि किट बदललं की तीही थोडी सरकते. म्हणून एका लॅबचा ४.३ आणि दुसरीचा ३.९ यांची तुलना करून घाबरू नका किंवा निर्धास्तही होऊ नका. तपासणी आमच्याकडेच करा असा आमचा आग्रह नाही. मात्र एकदा जिथे केली तिथेच पुढचीही करा. लॅब बदललीच तर एककं पाहा. टी३ कुठे १.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असा छापतात, तर कुठे १२० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. पातळी एकच आहे. मुलाकडे इंग्लंडला राहून आलेल्या आईवडिलांच्या कागदावर फ्री टी४ पिकोमोलमध्ये असतो, तिथला १३ म्हणजे आपल्याकडचा साधारण १ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर.

रक्त देण्याच्या दिवशी काय घडलं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

फक्त थायरॉईडची तपासणी असेल तर उपाशी राहायची गरज नाही. सोबत शुगर किंवा कोलेस्टेरॉल असेल तर गोष्ट वेगळी. वेळेला मात्र महत्त्व आहे. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतो आणि दुपारी उतरतो. सकाळी आठला दिलेलं रक्त आणि दुपारी चारला दिलेलं रक्त यांत एवढा फरक पडू शकतो की सीमारेषेवरचा आकडा एकदा आत दिसेल, एकदा बाहेर. दरवेळी सकाळी, साधारण एकाच वेळेला या.

थायरॉईड कमी काम करते म्हणून दिलेली गोळी चालू असेल तर, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसल्यास, त्या दिवशी ती रक्त दिल्यानंतर घ्या. बाटली पर्समध्ये ठेवा, आमच्याकडे पाणी आहे. गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी४ वर चढलेला असतो आणि चित्र फसवं दिसतं. चुकून आधीच घेतली असेल तर परत जाऊ नका, फक्त रक्त घेणाऱ्या ताईंना सांगा. त्या फॉर्मवर वेळ लिहून ठेवतील.

केसांसाठी, नखांसाठी मिळणाऱ्या गोळ्यांची चौकशी आम्ही मुद्दाम करतो. त्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व असतं, अनेकदा ५ किंवा १० मिलिग्रॅम. रोजच्या गरजेच्या कितीतरी पट. काही यंत्रांच्या तपासणीची रीतच बायोटिनवर बेतलेली असते. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी आणि टी३, टी४ खोटे जास्त दिसतात. म्हणजे तब्येत चांगली असताना कागदावर थायरॉईड जोरात धावताना दिसेल आणि नको ते औषध सुरू व्हायची वेळ येईल. या गोळ्या किमान दोन दिवस आधी थांबवा. डॉक्टरांनी मोठ्या मात्रेत दिल्या असतील तर त्यांना विचारून. पार्लरमधून किंवा ऑनलाइन घेतलेल्या पावडरी, गमीसुद्धा यात आल्या.

नुकताच मोठा ताप, न्यूमोनिया, ऑपरेशन झालं असेल तर तेही सांगा. गंभीर आजारात थायरॉईडचे आकडे तात्पुरते बदलतात आणि डॉक्टर बहुधा बरं वाटल्यावर पुन्हा तपासायला सांगतात. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडारोन, मानसिक आजारासाठी लिथियम किंवा स्टिरॉइड चालू असेल तर त्यांची नावं लिहून न्याच.

गोळी चुकत असेल तर खरं सांगा

हे सांगायला माणसं लाजतात. लग्नसराईत बाटली घरीच राहिली, निर्जळी उपवासाला गोळी टाळली, सकाळी घाईत चहासोबतच घेतली, असं सगळ्यांचं होतं. न सांगितल्यानं काय होतं ते पाहा. टीएसएच वाढलेला दिसतो, डॉक्टर डोस कमी पडतोय असं समजून तो वाढवतात, पुढे तुम्ही गोळ्या नियमित घेऊ लागता आणि डोस जास्त होतो. मग छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं. वय झालेल्यांमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोकाही असतो. "महिन्यात सहा वेळा चुकली" एवढं वाक्य हे सगळं टाळू शकतं.

गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतरानं. अ‍ॅसिडिटीचं औषध रोज चालू असेल तर तेही सांगा, त्यानं गोळी कमी शोषली जाते.

एक चिठ्ठी लिहा

वहीच्या अर्ध्या पानावर मावेल एवढीच. नमुन्यादाखल आम्ही एक रचली आहे:

"वय ४२. गोळी ५० मायक्रोग्रॅम, दीड वर्षापासून. सकाळी ६ ला पाण्यासोबत, चहा पावणेसातला. गेल्या महिन्यात ५-६ वेळा चुकली. रात्री जेवणानंतर कॅल्शियम. केसांची गोळी तपासणीच्या आदल्या दिवसापर्यंत चालू होती. पाळी ४० दिवसांनी येते. थकवा, पोट साफ होत नाही, थंडी जास्त वाजते, तीन महिन्यांपासून. आईला थायरॉईडचा त्रास. आधीचे टीएसएच: मार्च ३.१, सप्टेंबर ७.८."

ही वाचायला डॉक्टरांना अर्धं मिनिट लागेल आणि पुढचा सगळा वेळ तुमच्या प्रश्नांना मिळेल. गोळीची बाटली सोबत न्या. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. मोबाईलवर फोटो दाखवणार असाल तर नाव, तारीख, एकक आणि मर्यादा दिसेल असा पूर्ण पानाचा फोटो ठेवा.

काय विचारायचं

टीएसएच ४ ते १० च्या मध्ये आणि फ्री टी४ ठीक, असा रिपोर्ट फार जणांना येतो. यावर लगेच जन्मभराची गोळी सुरू होईलच असं नाही. बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात आणि काहींचा आकडा आपोआप मर्यादेत येतो. वाढत्या वयात टीएसएच थोडा जास्त असणं स्वाभाविकही असतं. तेव्हा विचारा: पुन्हा तपासायचं का, कधी? अँटी-टीपीओ तपासणीचा उपयोग होईल का? ही तपासणी आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉईडच्या विरोधात गेली आहे का ते सांगते. १९१२ मध्ये जपानी डॉक्टर हाशिमोटो यांनी वर्णन केलेला हा आजार आज त्यांच्याच नावानं ओळखतात. अँटी-टीपीओ एकदा पॉझिटिव्ह आली की सहसा वारंवार करायची गरज नसते, आमच्याकडेही विनाकारण करू नका.

डोस बदलला तर पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. पंधरा दिवसांत टीएसएच स्थिरावत नाही, त्यामुळे घाईनं केलेल्या तपासणीचे पैसे वाया जातात.

थांबू नये असे प्रसंग

गोळी चालू असताना दिवस राहिले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा, आणि गोळी स्वतःहून बंद करू नका. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर अवलंबून असते आणि बहुतेकींना डोस वाढवावा लागतो. पहिल्या तिमाहीत टीएसएच मुळातच थोडा खाली जातो, म्हणून नेहमीच्या रिपोर्टवरची मर्यादा तेव्हा लागू होत नाही. आमच्या फॉर्मवर "गरोदर, कितवा आठवडा" हे नक्की लिहा.

जास्त काम करणाऱ्या थायरॉईडसाठी कार्बिमाझोल हे औषध चालू असताना ताप आला, घसा दुखू लागला किंवा तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. क्वचित या औषधानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होतात, त्यासाठी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, तातडीनं करावी लागते. छातीत खूप धडधड होऊन दम लागणं, बोलण्यात भ्रम, जागं करूनही गुंगी न उतरणं, अशा वेळी रिपोर्ट शोधत बसू नका, थेट दवाखान्यात न्या.

रिपोर्ट तुमच्या तब्येतीशी अजिबात जुळत नाही असं डॉक्टरांना वाटलं, किंवा एखादी गोळी सांगायची राहिली असं तुम्हाला घरी जाऊन आठवलं, तर लॅबला फोन करा. नमुना शिल्लक असेल तर आम्ही तो पुन्हा लावून पाहू. बायोटिनचा संशय असेल तर मात्र जुना नमुना कामाचा नाही, गोळी थांबवून दोन दिवसांनी नव्यानं रक्त द्यायला या.