परदेशात इंजिनिअरिंग: आर्थिक मदतीचा अर्ज कुठे, कधी आणि कोणत्या कागदांवर

बारावीनंतर बी.एस.साठी (तिथली पहिली पदवी) अमेरिकेला जायचंय की बी.ई. झाल्यावर एम.एस.ला, हे आधी पक्कं करा. दोन्हीकडे पैसे देणारे वेगळे आणि अर्जाची वेळही वेगळी. बारावीच्या मुलाने मुंबईत फोर्टातल्या शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टच्या पायऱ्या चढून उपयोग नाही, आणि एम.एस.वाल्याला अमेरिकी कॉलेजच्या मदत कार्यालयाकडून सहसा फारसं काही मिळत नाही.

'फाफ्सा' नावाच्या अर्जाबद्दल बरंच ऐकायला येतं. तो अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या मदतीसाठी आहे. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला ती मदत मिळत नाही, त्यामुळे तो विषय इथेच संपवू.

बी.एस.साठी

इथे मदत करतं ते कॉलेज स्वतः, आणि निर्णय प्रवेशाबरोबरच होतो. एमआयटी, प्रिन्स्टन, हार्वर्ड, येल, डार्टमथ, ब्राऊन या ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली म्हणून प्रवेशावर परिणाम होत नाही आणि गरज ठरेल तेवढी मदत मिळते. प्रवेश देताना गरज न पाहण्याला 'नीड-ब्लाइंड' म्हणतात. स्टॅनफर्ड, कॉर्नेल, कॅलटेक इथे मात्र परदेशी अर्जदाराची गरज प्रवेशाच्या वेळी विचारात घेतली जाते. म्हणून काही पालक सुचवतात, 'आधी मदत नको म्हण, आत गेल्यावर मागू.' हा सल्ला ऐकू नका. स्टॅनफर्डमध्ये परदेशी विद्यार्थ्याने प्रवेश अर्जातच मदत मागितली नसेल, तर पुढची चारही वर्षं ती मागता येत नाही.

मदतीचा अर्ज असतो 'सीएसएस प्रोफाइल'चा, कॉलेज बोर्ड या अमेरिकी संस्थेच्या संकेतस्थळावर. दरवर्षी १ ऑक्टोबरला खुला होतो. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. काही कॉलेजं त्याऐवजी परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा स्वतःचा बिनफीचा फॉर्म चालवून घेतात, तेव्हा पैसे भरण्याआधी मदत कार्यालयाला ईमेल करून विचारा. अर्ली (लवकरच्या फेरीच्या) अर्जाची मुदत साधारण नोव्हेंबरात संपते, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत कागद शोधत बसण्यापेक्षा गणपतीतच फाइल तयार हवी.

मुंबईकराची खरी अडचण मालमत्तेच्या रकान्यात होते. ठाण्या-मुलुंडच्या दोन खोल्यांची किंमत डॉलरमध्ये मांडली की घरचे श्रीमंत दिसतात, पगार मात्र आहे तेवढाच असतो. किंमत लपवू नका. विशेष परिस्थिती लिहायला जागा दिलेली असते, तिथे साध्या इंग्रजीत सांगा: राहतं घर हे एकच, एवढे हप्ते बाकी, आजीच्या औषधपाण्याला महिन्याला इतके जातात. पागडीची खोली असेल तर तुम्ही भाडेकरू आहात, ती मालकीचं घर म्हणून भरू नका. इमारत पुनर्विकासात गेली असेल आणि बिल्डरकडून भाडं येत असेल, तर तेच पैसे पर्यायी घराला जातात हेही नोंदवा. तिकडे बसून फॉर्म वाचणाऱ्याला यातलं काहीच आपोआप कळणार नाही.

कागद लागतात ते असे: आईवडिलांचा फॉर्म १६, आयकर विवरणपत्र, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, गृहकर्जाचं स्टेटमेंट. दुकान किंवा धंदा असेल तर सीएने केलेला ताळेबंद. विवरणपत्र भरतच नसाल तर मालकाचं पगाराचं पत्र किंवा उत्पन्नाचं लेखी निवेदन. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर जोडायचं. अर्जातला आकडा आणि कागदावरचा आकडा जुळला नाही, तर उत्तरं देण्यात महिना जातो.

एम.एस. आणि पीएच.डी.

पीएच.डी.ला वेगळा मदतीचा अर्ज सहसा नसतो. विभागच फी भरतो आणि विद्यावेतन देतो. एम.एस.ला टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप (विभागात शिकवण्याचं किंवा संशोधनाचं पगारी काम) मिळू शकते, पण ती मिळेलच असं धरून घरचं गणित मांडू नका.

एम.एस.चा पैसा बहुतेक इथूनच उभा राहतो. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देतं. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले तेव्हा टाटा शिष्यवृत्ती त्यांच्या पाठीशी होती. अर्ज वर्षाच्या सुरुवातीला येतात आणि पुढे मुलाखत होते. के. सी. महिंद्रा ट्रस्टची मदतही परतफेडीची, पण बिनव्याजी. इनलॅक्स शिष्यवृत्तीचं नाव सगळीकडे घेतलं जातं, मात्र इंजिनिअरिंग त्यांच्या यादीत बसत नाही.

राज्य सरकारच्या योजना प्रवर्गानुसार वेगळ्या खात्यांकडे आहेत. अनुसूचित जातींसाठी समाजकल्याण आयुक्तालयाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, मराठा समाजासाठी सारथीची, खुल्या प्रवर्गासाठी तंत्रशिक्षण संचालनालयाची. इतर मागासवर्ग आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी त्यांची त्यांची खाती. या मुख्यतः पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त वगैरेंसाठीच्या केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीला कौटुंबिक उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत, वय पस्तिशीच्या आत आणि किमान ६० टक्के गुण लागतात. आठ लाखांची अट मुंबईत दोन पगारांच्या घरात सहज ओलांडली जाते, म्हणून आधी तेवढंच तपासा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र यांना वेळ लागतो. जाहिरात येईपर्यंत थांबलात तर गाडी चुकते. मुंबई विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टचंही (सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत तक्ता) तेच.

उरलेल्या रकमेला शैक्षणिक कर्ज. सोसायटीतला फ्लॅट तारण ठेवायचा तर शेअर सर्टिफिकेट, नोंदणीकृत करार, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीची एनओसी लागते. म्हाडाचं घर असेल तर म्हाडाचीही. पागडीच्या खोलीवर बँक सहसा कर्ज देत नाही.

प्रवेश झाला की विद्यापीठ आय-२० (व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला) देण्याआधी पहिल्या वर्षाच्या खर्चाएवढे पैसे दाखवायला सांगतं. तिथे बचत, एफडी आणि कर्जाचं मंजुरीपत्र चालतं, फ्लॅटचं मूल्यांकन सहसा चालत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या व्हिसा मुलाखतीला हीच फाइल न्यायची.

स्वतःच्या बचतीतून वर्षाला दहा लाखांपेक्षा जास्त पाठवलेत तर वरच्या रकमेवर बँक टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) घेते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशांवर तो लागत नाही. घेतलेला टीसीएस ज्याच्या पॅनवरून पैसे गेले त्याच्या २६एएसमध्ये (आयकर खात्याकडचा करकपातीचा तक्ता) दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, त्यामुळे आईच्या खात्यातून पाठवायचे की बाबांच्या, हे पहिल्या हप्त्याआधी ठरवून ठेवा.