ई-माउंटन बाइकचे गिअर : बारा गिअरांपर्यंतचा आणि परतीचा प्रवास

इलेक्ट्रिक माउंटन बाइकला पुढे किती दातांची चेनरिंग (पॅडलपाशी असलेली दातेरी चकती) आणि मागे कोणती कॅसेट (मागच्या चाकावरचा लहानमोठ्या दातेरी चकत्यांचा संच) असावी, हा प्रश्न साधा वाटतो. पण आज मिळणारे बहुतेक गिअर मोटरसाठी नव्हे, तर माणसाच्या पायांसाठी घडत आलेले आहेत, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याचे उत्तर नीट सापडत नाही.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातील माउंट टॅमलपाइसच्या उतारांवर जुन्या, जड सायकली पळवणाऱ्या तरुणांनी त्यांना गिअर बसवले आणि पुढे तीन चेनरिंग ही माउंटन बाइकची ओळखच ठरली. २०१२ मध्ये सायकलींचे सुटे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीच्या एक्सएक्स१ या गिअरसंचाने पुढे एकच चेनरिंग ठेवून मागे १० ते ४२ दातांची अकरा गिअरांची कॅसेट दिली. २०१६ मध्ये त्याच कंपनीच्या ईगलने बारा गिअर आणि ५० दात गाठले. पायांची ताकद मर्यादित असल्याने दोन गिअरांमधले अंतर कमी हवे, म्हणून चकत्या वाढत गेल्या आणि चेन अरुंद होत गेली.

मोटर चाकात होती तोवर तिचा जोर चेनवर येत नव्हता. बॉशसारख्या कंपन्यांनी ती क्रँकपाशी (पॅडल जोडलेल्या दांड्यांपाशी) आणली, तेव्हा मात्र पायांचा आणि मोटरचा जोर एकाच चेनमधून जाऊ लागला. बॉशच्या दुसऱ्या पिढीच्या मोटरवरची पुढची चकती क्रँकच्या एका फेऱ्यात अडीच फेरे घेई, त्यामुळे १५ दातांची ती इवलीशी चकती प्रत्यक्षात ३७.५ दातांचे काम करी. २०१९ च्या परफॉर्मन्स लाइन सीएक्समध्ये ही रचना जाऊन नेहमीच्या मापाची चेनरिंग परतली.

खड्या चढावर मोटर पूर्ण जोरात असताना एकदम तीन गिअर बदलून पाहावेत : चेन कडाडते, पॅडलला हिसका बसतो, आणि असे वारंवार झाले की लहान चकत्यांचे दात आकड्यासारखे झिजतात. हे ओळखून स्रॅमने २०१६ मध्ये ई-बाइकसाठीचा ईएक्स१ हा गिअरसंच आणला. त्यात आठच गिअर होते, ११ ते ४८ दातांचे, आणि हँडलवरचा गिअर बदलण्याचा खटका एका वेळी एकच गिअर बदले. माझ्या मते ती अत्यंत योग्य दिशा होती, पण बाजार बारा गिअरांकडेच झुकला. २०२१ मध्ये शिमानो या गिअर बनवणाऱ्या कंपनीने जाड दातांची लिंकग्लाइड ही गिअरांची मालिका आणली, तेव्हा तोच विचार पुन्हा पुढे आला.

युरोपातील नियमानुसार मोटरची मदत ताशी २५ किलोमीटरला थांबते. २९ इंची चाक, पुढे ३४ आणि मागे १५ दात असतील, तर पॅडलच्या मिनिटाला साधारण ८० फेऱ्यांत हा वेग येतो; मागे १० दातांची चकती असेल तर ५३ च फेऱ्या पुरतात. म्हणजे सर्वांत लहान चकत्या मुख्यतः उतारावर किंवा मोटरच्या मदतीविना वेगात जातानाच कामी येतात, तर ५० दातांची मोठी चकती प्रत्येक कठीण चढावर लागते, कारण क्रँकपाशी असलेली मोटरही पाय संथ पडले की आपला पूर्ण जोर देऊ शकत नाही.