गश्ती ५३ ते कलम २१ : एका शब्दाची पार्श्वभूमी

सतरा सप्टेंबर आला की आमच्याकडं झेंडावंदन होतं, हुतात्मा स्मारकावर हार पडतात, भाषणं होतात आणि त्यात "संविधानाने दिलेलं व्यक्तिस्वातंत्र्य" हे चार-पाचदा तरी येतंच. निजामाविरुद्धचा मुक्तिसंग्राम, १९४८ ची पोलीस ॲक्शन म्हणजे भारतीय लष्कराची कारवाई, तेरा ते सतरा सप्टेंबर, हे मराठवाड्यातल्या कुणालाही सांगायची गरज नाही, सरनामा तर पोरं शाळेत रोज म्हणतात. त्यामुळं ते सगळं सोडून देतो. व्यक्तिस्वातंत्र्याचं जे मुख्य कलम आहे, २१, त्यात आज जे शब्द आहेत ते मुळात नव्हते, दुसरे होते, ते काढून हे टाकले. ते का काढले आणि त्याचा आमच्या तालुक्याच्या ठाण्याशी काय संबंध एवढंच लिहायचंय.

आधी थोडं निजामाच्या काळाबद्दल, कारण त्याशिवाय मुद्दा लागत नाही. आमचे आजोबा शेवटपर्यंत अर्जाला अर्जी, परवानगीला इजाजत आणि फौजदाराला अमीनसाब म्हणायचे. त्यांच्या तोंडी अजून एक शब्द होता, गश्ती. गश्ती म्हणजे काय तर साधं सर्क्युलर. त्यातली ५३ नंबरची सगळ्यात बदनाम, सभा घ्यायची तर आधी इजाजत काढा. म्हणून तर वाचनालयं, गणपती, खाजगी शाळा यांच्या आडोशानं कामं चालायची, १९३७ ला परतूरला परिषद भरली तिलासुद्धा उघड राजकीय म्हणायची सोय नव्हती. पुढच्याच वर्षी संस्थानात राजकीय संघटना काढायचं ठरलं तर ती निघायच्या आधीच तिच्यावर बंदी आली, बारशाच्या आधीच तेरावं. त्याच १९३८ ला वसतिगृहात वंदे मातरम् म्हटलं म्हणून औरंगाबाद आणि हैदराबादची पोरं बाहेर काढली, त्यातल्या बऱ्याच जणांना पुढं नागपूरच्या विद्यापीठानं घेतलं. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत एका उर्दू पेपरच्या तरुण संपादकाचा खून झाला, गुन्हा काय तर भारतात सामील व्हा असं लिहिलं.

हे सगळं आपण "जुलमी राजवट" या एका शब्दात गुंडाळतो. पण एक गोष्ट बघा, खुनाचं सोडलं तर बाकीचं बेकायदा नव्हतं. गश्तीला नंबर होता, तिच्यावर सही होती, ती अमलात आणायला अमीन होता, अर्जी कुणाकडं द्यायची ते ठरलेलं होतं. म्हणजे पद्धत होती, अगदी व्यवस्थित होती. हा पद्धत शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणारय.

संविधान सभेत हैदराबाद संस्थानासाठी सोळा जागा ठेवल्या होत्या. त्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. म्हणजे त्या वेळचे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांच्या वतीनं तिथं कुणीच बसलेलं नव्हतं. नोव्हेंबर १९४९ मध्ये संविधान संस्थानाला लागू झालं ते पण निजामाच्याच फर्मानानं. "आम्ही, भारताचे लोक" यात आम्ही आलो ते फर्मानाच्या दारातून, गंमतच आहे. (आणि पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा भागात मुस्लिमांच्या ज्या कत्तली झाल्या त्याचा अहवाल दिल्लीला गेला तो कित्येक दशकं लोकांपुढं आलाच नाही, जीविताच्या हक्काबद्दल बोलायचं तर ते पण याच हिशोबात धरायला पाहिजे. पण तो वेगळा विषय आहे, एका कंसात मावणारा नाही.)

आता मुख्य भानगड. १९४७ च्या पहिल्या मसुद्यात हे कलम अमेरिकेच्या धर्तीवर होतं, म्हणजे ड्यू प्रोसेस ऑफ लॉ शिवाय कुणाचंही जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. ड्यू प्रोसेस याला मराठीत धड शब्द नाही. कुणी योग्य प्रक्रिया लिहितं, कुणी रीतसर प्रक्रिया, पेपरवाले तर हा आणि याच्या जागी पुढं आलेला शब्द, दोन्हीला "कायदेशीर प्रक्रिया" लिहून मोकळे होतात आणि सगळा फरकच धुऊन निघतो. ड्यू प्रोसेस म्हणजे, निदान अमेरिकेत त्याचा जो अर्थ लागत गेला तो असा, की कायदा केलाय एवढं पुरत नाही, तो कायदा स्वतः रास्त आहे का हे कोर्ट तपासणार. मग १९४७ च्या शेवटी घटना सल्लागार अमेरिकेला गेले, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना भेटले, आणि त्यांनी सांगितलं की हे कलम ठेवू नका, आमचं फार डोकं खाल्लंय यानं, मूठभर न्यायाधीश निवडून आलेल्या विधिमंडळाचे कायदे पाडत बसतात. यात तथ्य होतंच, तिकडं कामगारांच्या बाजूचे कायदे याच शब्दाच्या जोरावर पाडलेले होते. सल्लागार परत आले आणि मसुदा समितीनं फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात तो शब्द काढून "कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती" असं घातलं, स्वातंत्र्याच्या आधी "व्यक्तिगत" हे विशेषण पण लावलं. ही शब्दरचना उचलली जपानच्या घटनेतून, म्हणजे मे १९४७ ला लागू झालेल्या, अमेरिकन फौजेच्या अमलाखाली तयार झालेल्या घटनेतून. अमेरिकेचा शब्द नको म्हणून अमेरिकेनंच जपानला दिलेला शब्द आपण आणला!

तो शब्द काढायच्या बाजूनं जे सांगतात ते पण सांगतो. जमीन सुधारणा करायची होती, फाळणीच्या दंगली चालू होत्या, कोर्टानं प्रत्येक गोष्टीत पाय घालू नये असं वाटणं चुकीचं नव्हतं. आमच्याकडं तर १९४९ ला जहागिरी गेल्या, १९५० ला कूळ कायदा आला, संरक्षित कुळांच्या नावावर जमिनी झाल्या, त्यात कितीतरी घरं उभी राहिली, आमचं पण त्यातलंच. हे कायदे कोर्टात अडकले असते तर काय झालं असतं हा प्रश्न खराच आहे. पण मला हा युक्तिवाद पूर्ण पटत नाही, कारण मालमत्ता हा शब्द त्या कलमातून १९४७ मध्येच काढून टाकला होता. राहिलं होतं फक्त जीवित आणि स्वातंत्र्य. मग भीती जहागीरदाराच्या जमिनीची नव्हती, भीती होती ती माणसं आत टाकता येणार नाहीत याची. हे माझं मत, ज्याला पटत नाही त्यानं सोडून द्यावं.

यावर डिसेंबर १९४८ मध्ये चर्चा झाली. वऱ्हाड-मध्यप्रांतातल्या एका सभासदानं दुरुस्ती मांडली की ड्यू प्रोसेस परत आणा (वऱ्हाड म्हणजे आमचं शेजारचंच, कागदोपत्री तर निजामाचंच धरायचे). मसुदा समितीच्या अध्यक्षांनी, नाव सांगायची गरज नाही, १३ डिसेंबरला दोन्ही बाजू मांडल्या, एकीकडं पक्षाच्या माणसांनी भरलेलं विधिमंडळ हक्क चिरडू शकतं, दुसरीकडं पाच-सहा न्यायाधीश आपल्या मनाला येईल तसं कायदे पाडू शकतात, आणि निर्णय सभागृहावर सोडला. आपल्याच समितीच्या मसुद्याचं त्यांनी ठामपणे समर्थन केलं नाही हे वाचताना खटकतं, आणि त्यातच त्यांचा प्रामाणिकपणा पण दिसतो. दुरुस्ती पडली. त्या दिवशी आमच्याकडं लष्करी गव्हर्नरचा अंमल सुरू होऊन तीन महिनेसुद्धा झाले नव्हते.

पण विषय तिथं संपला नाही. लोकांत आणि सभासदांत नाराजी राहिली, म्हणून १५ सप्टेंबर १९४९ ला, म्हणजे आमच्या मुक्तीला वर्ष व्हायला दोन दिवस कमी असताना, मसुदा समितीच्या त्याच अध्यक्षांनी नवीन कलम आणलं, तेच आजचं २२. अटकेचं कारण सांगा, वकील द्या, चोवीस तासात मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा. आधीच्या कलमात जे गमावलं त्याची ही भरपाई आहे असं त्यांनी स्वतःच सांगितलं. आणि त्याच कलमाच्या पोटात प्रतिबंधात्मक स्थानबद्धता पण बसवली, म्हणजे गुन्हा केला म्हणून नाही, करशील म्हणून आत. त्या माणसाला चोवीस तासांचा नियम नाही, वकिलाचा हक्क नाही. मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच ही सोय लिहून ठेवलीय.

पुढचं भराभर सांगतो. फेब्रुवारी १९५० मध्ये, संविधान लागू होऊन महिनाच झाला तोवर, स्थानबद्धतेचा कायदा. मे १९५० मध्ये मद्रासच्या एका कम्युनिस्ट नेत्याच्या केसमध्ये सर्वोच्च न्यायालय बहुमतानं म्हणालं की कायदा म्हणजे विधिमंडळानं केलेला कायदा, तो रास्त आहे का हे आम्ही बघणार नाही. हा अर्थ धरला तर गश्ती ५३ विधिमंडळात मंजूर करून घेतली असती की झालं असतं, निदान २१ ची तरी आडकाठी आली नसती. (सभेचा हक्क १९ मध्ये आहे आणि तिथं रास्त हा शब्द आहे हे मान्य, पण त्या केसमध्ये दोन्ही कलमं वेगवेगळ्या कप्प्यात ठेवली ना.) मग आणीबाणी आणि मिसा, म्हणजे विनाखटला डांबायचा कायदा. एप्रिल १९७६ चा निकाल चार विरुद्ध एक, आणीबाणीत २१ स्थगित असताना बेकायदा डांबलं तरी कोर्टात यायचा हक्क नाही. गावागावांत अजून काही म्हाताऱ्यांची ओळख मिसाबंदी अशीच आहे. जानेवारी १९७८ मध्ये, पासपोर्टच्या एका साध्या वाटणाऱ्या केसमध्ये, कोर्ट फिरलं आणि म्हणालं की कार्यपद्धती न्याय्य, उचित आणि वाजवी पाहिजे. म्हणजे तीस वर्षांपूर्वी समोरच्या दारानं हाकललेला ड्यू प्रोसेस मागच्या दारानं घरात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणाचा हक्क २१ मध्ये धरला आणि १९७६ चा निकाल पण जाता जाता मोडीत काढला.

एवढं सगळं झालं पण कलमाचे शब्द बदलले नाहीत. शब्द तेच, कार्यपद्धती. मराठीत तर हा शब्द टेंडर नोटीस किंवा पीकविम्याच्या फॉर्मवरचा वाटतो.

आणि जमिनीवर काय आहे. १९८१ च्या ऑगस्टमध्ये औरंगाबादला हायकोर्टाचं खंडपीठ आलं, केवढा लढा दिला त्यासाठी वकील मंडळींनी, आणि त्याच वर्षी राज्यानं एमपीडीए कायदा केला, म्हणजे राज्याचा स्वतःचा स्थानबद्धतेचा. झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती, नंतर त्यात वाळू तस्कर पण आले, म्हणजे गोदाकाठ सगळा आला. पेपर उघडा, आठवड्यातून एकदा तरी बातमी असते, "वर्षभरासाठी स्थानबद्ध, हर्सूल कारागृहात रवानगी". पाच दिवसांत कारणं द्यायची, बारा दिवसांत सरकारची मंजुरी, तीन आठवड्यांत सल्लागार मंडळाकडं, तिथं वकील नाही. सगळं पद्धतशीर. ज्याला आत टाकलं तो बहुतेक वेळा गावाला नकोसा झालेला माणूस असतो, म्हणून कुणाला वाईट वाटत नाही, मला पण वाळूवाल्यांबद्दल काडीचं प्रेम नाही, आमच्या नदीत आता पाण्यापेक्षा खड्डे जास्त आहेत. पण हेच आदेश खंडपीठात जातात तेव्हा बरेच रद्द होतात, कारण उशीर झालेला असतो, नाव न सांगता घेतलेले इन-कॅमेरा जबाब नीट पडताळलेले नसतात, किंवा साधं भांडण सार्वजनिक सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून दाखवलेलं असतं. निकाल लागेपर्यंत त्या माणसाचे काही महिने हर्सूलला गेलेले असतात. ते कोण भरून देणार?

दुसरी गोष्ट मी स्वतः बघितलेली. गेल्या वर्षी आमच्या वाचनालयात सतरा सप्टेंबरला व्याख्यान ठेवलं, पंचवीस माणसं धरून चाला. माईक लावायचा म्हणून ठाण्यात अर्ज घेऊन गेलो, ठाणं कुठलं ते राहू द्या. जमादार भला माणूस, चहा विचारला. म्हणाला, "गुरुजी, सदतीस एक तीन चालू हाय की, बघावं लागंल." ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ पोटकलम १ आणि ३, पाच किंवा जास्त माणसं जमायला मनाई, एका वेळी पंधरा दिवसांसाठी काढता येते. आमच्या जिल्ह्यात एक संपली की दुसरी निघते. म्हटलं, "अहो जमादार, विषय तरी बघा की, मुक्तिसंग्राम हाय." तर म्हणे, "विषय चांगलाच हाय वो. वक्ते कोन कोन ते लिहून द्या, मोबाईल नंबरसहित." मागं सूचना फलकावर आदेश डकवलेला होता, जुना न काढता त्याच्यावरच नवीन, त्याच्यावर अजून नवीन, असा पुठ्ठ्याएवढा थर झालेला. मी कोपरा उचलून बघितला, खाली गणपतीचा, त्याखाली आषाढीचा, त्याखाली बकरी ईदचा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मिळाला, परवानगी काही आली नाही. सतराला सकाळी फोन आला, उरकून घ्या, माईक नका लावू. उरकलं. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना काही ऐकू आलं नाही.

जुलै २०२५ मध्ये जनसुरक्षा विधेयक विधिमंडळात मंजूर झालं, संघटना बेकायदा ठरवायचा अधिकार सरकारला, त्यावर दोन्हीकडून बरंच लिहिलं जातंय म्हणून मी थांबतो. एक जुनी, कुणी न बोलणारी गोष्ट मात्र सांगायची राहिली. आणीबाणीनंतर, १९७८ मध्ये, ४४ वी घटनादुरुस्ती संसदेत मंजूर झाली. २१ यापुढं आणीबाणीत पण स्थगित करता येणार नाही, हे त्यातलंच, ते लागू झालं. त्याच दुरुस्तीत २२ पण बदललं होतं, सल्लागार मंडळाशिवाय डांबायची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिने, आणि मंडळ नेमायचं ते हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनं. तो भाग लागू व्हायला नवीन कायदा नको, मतदान नको, केंद्राच्या राजपत्रात एक तारीख छापायची आहे. एवढी सरकारं आली आणि गेली, त्यात मिसात आत बसून आलेली माणसं पण होती. ती तारीख अजून कुणी छापलेली नाही.