गाजर गवताची अ‍ॅलर्जी

गाजर गवताच्या (शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस) संपर्काने त्वचेला होणारा, बहुधा वर्षानुवर्षे टिकणारा दाह. काँग्रेस गवत, चटक चांदणी, पांढरी टोपी ही याच तणाची नावे. मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतले हे तण १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम ठळकपणे नजरेत भरले. ते पीएल-४८० या अमेरिकन अन्नधान्य मदत कायद्याखालच्या करारातून मिळालेल्या गव्हाबरोबर आले, असे घरोघरी सांगितले जाते. मात्र भारताशी तो करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला आणि तण त्याआधीच उगवलेले होते. पुढे ते माळरान, रेल्वेमार्ग, बांध, पडीक प्लॉट असे सगळीकडे पसरले. एका झाडाला हजारो बिया धरतात.

मधमाशी चावल्यावर येणारी तीव्र प्रतिक्रिया काही मिनिटांत जिवावर बेतू शकते आणि तिथे अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन तातडीने लागते. गाजर गवताचा त्रास वेगळ्या जातीचा. पानांवरच्या सूक्ष्म लवेत पार्थेनिन हे रसायन असते. शरीरातल्या टी-पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्याच्यावर एकदा बिथरल्या, की प्रत्येक संपर्कानंतर एक-दोन दिवसांत खाज व पुरळ उठते. (परागकणांमुळे शिंका आणि नाक गळणेही होते, पण त्यामागची यंत्रणा निराळी.)

गवताला हात लावला नाही म्हणून सुटका होत नाही. वाळलेल्या पानाफुलांचा भुगा वाऱ्याबरोबर उडतो. म्हणून चट्टे चेहरा, मान, कोपराची व गुडघ्याची लवण अशा जागी उठतात. उन्हामुळे होणाऱ्या त्रासात पापण्या, कानामागचा भाग आणि हनुवटीखालची सावलीतली जागा सहसा वाचते. इथे तीही सुटत नाही. आधी ठरावीक हंगामात येणारा त्रास पुढे बारमाही होतो, कातडी जाड व काळपट पडते, काहींना ऊनही सोसवेनासे होते. रुग्णांत शेतात राबणारे मध्यमवयीन पुरुष जास्त आढळतात.

निदानासाठी पाठीवर पॅच टेस्टच्या, म्हणजे संशयित पदार्थ थोडासा लावलेल्या, पट्ट्या चिकटवतात. त्या ४८ तासांनी काढून तपासतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. उपचारात स्टेरॉइडची मलमे व गोळ्या असतात. दीर्घकाळासाठी अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध देतात, मात्र त्यासाठी वेळोवेळी रक्त तपासावे लागते. मेडिकलमधून परस्पर स्टेरॉइड घेत राहण्याची सवय घातक आहे. खरा उपाय म्हणजे गवतापासून दूर राहणे, पण ज्याचे पोटच शेतावर आहे त्याला हा सल्ला देणे सोपे आणि पाळणे अवघड. पूर्ण बाह्यांचे कपडे, तोंडाला रुमाल आणि घरी येताच अंघोळ, इतके तरी जमते. गवत उपटायचे ते फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून आणि अ‍ॅलर्जी नसलेल्या माणसाने. शेवंती आणि सूर्यफूल याच कुळातली, त्यामुळे काही रुग्णांना हारातल्या शेवंतीचाही त्रास होतो.

या तणाचा फडशा पाडण्यासाठी १९८० च्या दशकात मेक्सिकोतून झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगेरा आणला गेला. पावसाळ्यात तो पाने कुरतडून झाडाचा सांगाडा करतो. कोरड्या दिवसांत मात्र तो जमिनीत सुप्त पडून राहतो. टाकळ्याची दाट वाढ झाली, की गाजर गवत मागे हटते, असेही आढळले आहे.