पावणेदोन किलो म्हणजे किती ग्रॅम?

शंभर ग्रॅम संकेश्वरी मिरची आणि शंभर ग्रॅम गूळ शेजारी ठेवून मुलाला विचारा, जड काय? बोट बहुधा मिरचीच्या ढिगाकडे जाईल. आकार मोठा म्हणजे वस्तू जड, हा समज तराजूपुढेच मोडतो. म्हणून 1000 ने गुणायला शिकवण्याआधी मुलाच्या हाती तराजू द्यावा. इलेक्ट्रॉनिक काटा आकडा देतो, पण पारडी सारखी होताना दिसत नाहीत.

30 सेंमीची लाकडी पट्टी कडेवर उभी धरा. 1 आणि 29 सेंमीवर रुंदीच्या मध्यभागी भोकं पाडा, आणि 15 सेंमीवर वरच्या कडेजवळ. टोकांच्या भोकांतून डब्यांची दोन सारखी झाकणं दोऱ्याने टांगा, मधल्या भोकातून पट्टी लटकवा. मधलं भोक खाली पडलं तर तराजू एका बाजूला कलंडतो तो परत येतच नाही. फार वर गेलं तर तो सुस्तावतो, थोडा फरक दाखवतच नाही.

रिकामा तराजू एकीकडे झुकला, तर दुसऱ्या बाजूला चिखलाची गोळी चिकटवतात. चूक नेमकी इथेच लपते. समजा एक भुजा 14 सेंमी आणि दुसरी 13.5 भरली. गोळीमुळे रिकामी पारडी समान दिसतील, पण 100 ग्रॅमची वस्तू एका पारड्यात जवळपास 104 आणि दुसऱ्यात 96 भरेल. त्यामुळे प्रत्येक वस्तू पारडी बदलून दोनदा तोला. आकडे वेगळे आले तर भोकं पुन्हा मोजा. तोवर दोन्हींची सरासरी चालेल.

वजनं विकत आणायची गरज नाही. औषधाच्या 10 मिलीच्या सिरिंजने पाच वेळा पाणी पिशवीत घाला, झाले 50 ग्रॅम. दुसऱ्या पारड्यात तशीच रिकामी पिशवी ठेवून तिच्यात समतोल होईपर्यंत वाळू भरा आणि गाठ मारा. अशीच 100, 200, 200 आणि 500 ची करा. दोनशेची दोन का? एकच असेल तर वजनं एकाच पारड्यात ठेवून 400 तोलता येत नाहीत. जितके मिली तितके ग्रॅम, ही सोय फक्त पाण्याची. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी 500 ग्रॅम धरू नये, आतलं दूधच साधारण 515 भरतं.

आता रूपांतर. 1 किलो 50 ग्रॅम सांगितलं की वहीत 150 किंवा 1.5 येतं. चार घरं आखा: किलो, शेकडा, दशक, एकक. पन्नासात शेकडा नाही, म्हणून ते घर शून्याने भरायचं: 1, 0, 5, 0. हेच 1050 ग्रॅम. टिंब किलोच्या घरानंतर दिलं की 1.050 किलो. दीड किलोला 1, 5, 0, 0. दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून तराजूवर तेवढंच वजन चढवलं (दीड किलोसाठी 500 चं आणखी एक करा) की शून्याचं काम दिसतं.

पाव 250, अर्धा 500, सव्वा 1250, अडीच 2500, हे शब्द घरातच असतात. अडखळतं ते पावणेदोनपाशी. 'दोन' ऐकून मूल 2750 लिहितं, कारण इथे पाव वजा करायचा असतो. बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या मुलांना इथे बाजारातलं कन्नड उपयोगी पडतं. त्या भाषेत कालु म्हणजे पाव, मुक्कालु म्हणजे पाऊण, आणि पावणेदोनला 'ओंदू मुक्कालु', म्हणजे एक आणि पाऊण! तिथे बेरीज, मराठीत वजाबाकी. वहीच्या एका बाजूला 1000 + 750 आणि दुसऱ्या बाजूला 2000 − 250 करायला लावा. दोन्हीकडे 1750 आले की पावणेतीन द्या.