रिपोर्टमधली एक ओळ

गरोदर बाई नाव नोंदवायला गेली की रक्त काढतात. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन, रक्तगट यांच्या रांगेत एचआयव्हीचीही एक ओळ असते. ‘तुमच्यावर संशय आहे’ असं तिला कोणी म्हणत नाही. सगळ्यांची करतात, म्हणून तिचीही. मला यातलं खरं शहाणपण या ‘सगळ्यांची’मध्ये दिसतं.

कारण एचआयव्ही चेहऱ्यावर दिसत नाही. लागण झाल्यावर दोन-चार आठवड्यांत अनेकांना ताप येतो, अंग दुखतं. तापाची गोळी घेऊन माणूस कामाला लागतो. नेमका त्याच दिवसांत रक्तात विषाणूंचा सुळसुळाट असतो. पुढे कित्येक वर्षं काहीच जाणवत नाही, पण लागण पसरू शकते. ‘धोक्यातले’ लोक हुडकून तपासायचे म्हटलं, तर असे कितीतरी निसटतात. म्हणूनच अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने २००६ मध्ये १३ ते ६४ वयाच्या सर्वांचीच दवाखान्यात नेहमीच्या तपासण्यांबरोबर ही चाचणी करावी, असं सुचवलं.

पण नुसत्या चाचणीने लागण कशी थांबेल? थांबवतं ते औषध. एचपीटीएन ०५२ या अभ्यासात एकाला लागण असलेली १,७६३ जोडपी होती, त्यात पुण्या-चेन्नईचीही. निम्म्यांना औषध लगेच सुरू केलं, बाकीच्यांना प्रतिकारशक्ती घसरल्यावर. २०११ मध्ये आकडे आले: जोडीदाराकडूनच झालेल्या २८ लागणींपैकी २७ उशिरा औषध मिळालेल्या गटात. बाळांचंही तसंच. उपचारांविना आईकडून लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के. वेळेवर औषधं मिळाली तर ५ टक्क्यांच्या खाली.

चाचणी तशी किरकोळ. बोटाला टोचून थेंबभर रक्त पट्टीवर टाकायचं आणि रेघ उमटायची वाट बघायची. एक रेघ उमटली तर पट्टी नीट चालली एवढंच. दुसरीही उमटली तर रक्तात प्रतिपिंडं आहेत, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिनं. तेवढ्यावर निकाल देत नाहीत, आणखी दोन वेगळ्या किटवर पडताळतात. प्रतिपिंडं तयार व्हायला मात्र तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो, त्यामुळे परवाच्या प्रसंगाबद्दल आजची पट्टी काही सांगत नाही.

आणि सगळ्यांची म्हणजे गुपचूप नव्हे. भारताच्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती आणि गोपनीयता दोन्ही बंधनकारक आहेत.

बाईच्या वाट्याला निदान गरोदरपणात तरी ही ओळ येते. तिच्यासोबत आलेला नवरा बाहेर बाकावर मोबाइल बघत बसलेला असतो. एखादं ऑपरेशन निघालं, तरच त्याचं रक्त या पट्टीवर पडणार.