‘कमला’मागची बातमी आणि ग्वाल्हेरचा मुलूख

ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागातील मराठी घरांत शोधपत्रकारांचा विषय निघाला की बोलणे हमखास विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’ नाटकावर येऊन ठेपते. ज्या बातमीवरून ते नाटक उभे राहिले ती याच मुलखातली, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात नसते.

एप्रिल १९८१मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’चे बातमीदार अश्विनी सरीन यांनी शिवपुरीजवळच्या एका खेड्यातील स्त्री २,३०० रुपयांना विकत घेतली आणि दिल्लीला परतताच तो व्यवहार स्वतःच्या नावानिशी छापला. पंजाबात म्हशीला जे पडतात त्याच्या निम्म्या पैशांत ही बाई मिळाली, असेही त्यांनी त्यात नमूद केले होते. शिवपुरी ही शिंद्यांची उन्हाळी राजधानी. तेथून ग्वाल्हेर, मुरैना करीत चंबळ ओलांडली की राजस्थानातले धौलपूर आणि पुढे उत्तर प्रदेशातले आग्रा लागते. तीन राज्यांच्या हद्दी इतक्या जवळ आल्यावर एका ठाण्याने दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळे व्हावे, यात नवल ते काय?

अशा ठिकाणी ऐकीव माहितीवर काम भागत नाही. तिहार तुरुंगातील कारभार पाहण्यासाठी स्वतःला अटक करवून घेतलेल्या सरीन यांनी येथेही तोच मार्ग धरला, कारण खुद्द खरेदीदारच साक्षीदार झाला की नाकबूल जाण्याची सोय उरत नाही. जोखीम अर्थातच मोठी होती. माणसाला गुलाम म्हणून विकत घेणे हा भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७०खाली गुन्हा होता. कार्यकारी संपादक अरुण शौरी पाठीशी होते आणि वृत्तपत्राने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. प्रत्यक्षातील कमला मात्र पुढे दिल्लीतील आश्रयस्थानातून नाहीशी झाली. नाटकातला पत्रकार जयसिंग जाधव ही तेंडुलकरांची निर्मिती आहे आणि त्याचे दोष सरीन यांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. तरीही बातमी छापून झाल्यावर तिच्यातल्या माणसाचे काय, हा नाटकाने विचारलेला प्रश्न खोटा ठरत नाही.

दिल्लीचा बातमीदार परत जातो, गावच्याला तेथेच राहावे लागते. भोपाळचे राजकुमार केसवानी यांनी, युनियन कार्बाइडच्या कारखान्यात डिसेंबर १९८१मध्ये विषारी वायूने एक कामगार दगावल्यानंतर, तेथील धोक्याचा माग काढला आणि १९८२मध्ये आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकातून शहराला वारंवार सावध केले. त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. त्यांना बी. डी. गोएंका पुरस्कार मिळाला तो १९८५मध्ये, वायुकांड घडून गेल्यावर.